जेम्स बाँडचा फड आणि नवे दिग्दर्शक

जून २०२५ मध्ये बातमी आली की जेम्स बाँडचा पुढचा चित्रपट डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शित करणार. झाले! आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. भाचरे मंडळी खूश. 'ड्यून'वाला माणूस, म्हणजे आता काहीतरी भव्य बघायला मिळणार. आमचे भाऊजी (वय ७८, शॉन कॉनरीचे भक्त) म्हणाले, "तो गृहस्थ फार सावकाश चालतो. बाँडला मध्येच झोप लागेल!" मी तेव्हा काही बोलले नाही. दोन ओळींत उरकण्यासारखा विषय नव्हता. ते आता इथे सविस्तर लिहिते. आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेले, तेव्हा मी सुरुवात साठ वर्षे मागून करणार हे ओघानेच आले. कंटाळा आला तर उड्या मारत वाचा.

मी मराठी माध्यमातली. पुण्यात कॉलेजात असताना अलका टॉकीजला इंग्रजी चित्रपट लागत, आणि थोरल्या भावाबरोबर गेले तर घरून परवानगी मिळे. इंग्रजी वाचता येत होते, पण पडद्यावरची माणसे जे बोलत त्यातले निम्मे डोक्यावरून जाई. त्यातून कॉनरी पडला स्कॉटिश. त्यामुळे आम्ही बाँड पाहिला तो डोळ्यांनी. खोली केवढी आहे, छत किती खाली आले आहे, कोण कुठे उभा आहे, गोळी सुटण्याआधी किती वेळ कोणी हलत नाही, हे सगळे लक्षात राहिले. गोष्टी मागाहून वाचल्या. चित्रपटाला दिग्दर्शक नावाचा कोणी असतो आणि त्याची नजर असते, हे मला कळले ते अशा न समजलेल्या संवादांमुळेच.

बाँडपटाची बांधणी आपल्याला परकी वाटत नाही, कारण ती तमाशासारखी आहे. आपल्याकडे गण, गवळण, बतावणी आणि मग वग. तिकडे आधी पिस्तुलाच्या नळीतून दिसणारा बाँड, मग मूळ कथेशी फारसा संबंध नसलेली एक मारामारी, मग काळ्या सावल्यांवर चाललेले गाणे. त्यानंतर लंडनच्या कचेरीत मनीपेनीबाईंशी थट्टामस्करी, वरिष्ठ 'एम' यांच्याकडून कामगिरी, आणि 'क्यू' यांच्याकडून चित्रविचित्र उपकरणे. मनीपेनीची भूमिका लोइस मॅक्सवेल यांनी १९६२ ते १९८५ अशी चौदा चित्रपटांत केली. क्यू झालेले डेस्मंड लुएलिन तर १९६३ पासून १९९९ पर्यंत येतच राहिले. नायक बदलला तरी चालते, पण गण चुकला तर प्रेक्षक चिडतो. अशा ठिकाणी दिग्दर्शकाने करायचे तरी काय?

पहिला चित्रपट 'डॉक्टर नो'. लंडनमध्ये ५ ऑक्टोबर १९६२ ला झळकला. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला त्यातली एक तारीख फार बोलकी वाटते. चित्रपट घडतो जमैकात आणि त्याचे चित्रीकरण झाले १९६२ च्या सुरुवातीला, म्हणजे तिथे ब्रिटिशांचे राज्य असताना. जमैका स्वतंत्र झाला ६ ऑगस्ट १९६२ ला. चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा त्यातली वसाहत दोन महिन्यांपूर्वीच इतिहासजमा झाली होती! त्याआधी १९५६ मध्ये सुएझच्या प्रकरणात ब्रिटनची नाचक्की झाली होती. प्रत्यक्षात जगाच्या नकाशावरून साम्राज्य उतरत चालले होते आणि पडद्यावर एक इंग्रज एकट्याने जग वाचवत होता. घरात काही उरले नाही की माणसे जुन्या वाड्याचे फोटो जास्त काढून बघतात, तसाच प्रकार.

गंमत म्हणजे हा अस्सल इंग्रज नायक पडद्यावर आणणारे निर्माते इंग्रज नव्हते. अल्बर्ट ब्रोकोली अमेरिकन आणि हॅरी साल्ट्झमन कॅनडाचे. कॉनरी एडिंबरोच्या गरीब घरातला, एके काळी दूध घालणारा. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्याला स्वतःच्या शिंप्याकडे नेले, उंची कपडे शिवून घेतले, चालणे-बोलणे शिकवले. सुटाची सवय व्हावी म्हणून त्याला सूट घालूनच झोपायला लावले, असेही सांगतात. आणि ज्या भव्य खोल्या आम्ही डोळे फाडून बघत होतो त्या बांधणारे केन अॅडम हे बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू, हिटलर आल्यावर कुटुंबासह इंग्लंडला पळून आलेले, पुढे ब्रिटिश हवाई दलात लढाऊ विमान चालवलेले. 'डॉक्टर नो'मध्ये एक जवळजवळ रिकामी खोली आहे. छताला मोठा गोल झरोका, त्यावर जाळी, तिची सावली भिंतीवर, आणि टेबलावर पिंजऱ्यात एक भलामोठा कोळी. पैसे संपत आले होते म्हणून खोलीत सामान नाही. आणि तीच खोली साठ वर्षांनी लोकांना आठवते.

यंग यांनी साचा घडवला, गाय हॅमिल्टन यांनी १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये त्याला चकाकी दिली. त्यानंतर मात्र साचा हाच मालक झाला. म्हणजे खरे मालक निर्मातेच. तमाशात फड कोणाचा, तर फडमालकाचा. वगात रंग भरणारे येतात आणि जातात. ब्रोकोली कुटुंबाने हा फड अशा शिस्तीने चालवला की १९६२ ते २०२१ या काळातल्या त्यांच्या पंचवीस चित्रपटांपैकी बहुतेकांच्या दिग्दर्शकाचे नाव सामान्य प्रेक्षकाला सांगता येणार नाही. आमच्या भाऊजींनाही नाही आले, मी विचारून पाहिले.

स्वतःची ठळक शैली असलेला दिग्दर्शक या फडात आला कसा, याचा एक किस्सा केन अॅडम सांगत. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'साठी तीन पाणबुड्या पोटात घेणारे एक प्रचंड तेलवाहू जहाज दाखवायचे होते. त्यासाठी पाइनवुडला जगातले एक अवाढव्य चित्रीकरण-दालन मुद्दाम उभारले गेले. ते उजळायचे कसे? छायाचित्रकार होते क्लोद रेन्वार, प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार रेन्वार यांचे नातू. (१९५१ चा 'द रिव्हर' बंगालमध्ये गंगेकाठी चित्रित झाला, त्याचे छायाचित्रण यांचेच. म्हणजे आपल्या मातीची ओळख त्यांना होती.) पण तोवर त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. अॅडम यांनी मग आपले जुने सहकारी स्टॅन्ली क्युब्रिक यांना साकडे घातले. क्युब्रिक म्हणाले, येईन, पण कोणाला कळता कामा नये. सुट्टीच्या दिवशी, कोणी नसताना ते आले, त्या राक्षसी दालनात काही तास फिरले, दिवे कुठे ठेवायचे ते सांगितले आणि निघून गेले. विसाव्या शतकातला एक मोठा दिग्दर्शक बाँडच्या फडात आला तो असा, मागच्या दाराने. श्रेयनामावलीत नाव नाही!

पुढच्या दाराने यायला निघालेल्यांचे काय झाले? स्टीव्हन स्पीलबर्ग यांना बाँडपट करायचा होता, आपण ब्रोकोलींना विचारले आणि नकार मिळाला, असे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. मित्र जॉर्ज लुकास म्हणाले, माझ्याकडे त्याहून चांगले काही आहे. त्यातून १९८१ मध्ये इंडियाना जोन्स जन्मला. आणि १९८९ च्या तिसऱ्या चित्रपटात इंडियानाच्या वडिलांची भूमिका कोणी केली? शॉन कॉनरीने. बाँड नाही मिळाला तर बाँडला बाप करून घेतले! क्वेंटिन टॅरंटिनो यांनाही 'कसिनो रॉयल' करायचा होता, तेही जमले नाही. अलीकडे डॅनी बॉइल आत शिरले, पण ऑगस्ट २०१८ मध्ये मतभेद होऊन बाहेर पडले.

दुसऱ्या एका फडात मात्र उलटे घडले. 'मिशन इम्पॉसिबल'चे पहिले चार चित्रपट चार वेगळ्या माणसांनी केले, ब्रायन डी पाल्मा १९९६, जॉन वू २०००, जे. जे. एब्रम्स २००६, ब्रॅड बर्ड २०११. चारांची चव चार प्रकारची. वू यांनी तर आपली लाडकी कबुतरेही त्यात उडवली. तिथे फडमालक आणि नायक एकच, टॉम क्रूझ. तो स्वतः पडद्यावर असल्यामुळे बाकी काहीही बदलले तरी बिघडत नव्हते. बाँडच्या फडात नायकच बदलता, मग बाकीचे धरून ठेवावे लागते. मला वाटते या सावधपणाचे मूळ कारण एवढेच आहे.

त्या सावध इतिहासात एक अपवाद आहे आणि माझ्या मते तोच आजच्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'. पीटर हंट हे आधीच्या चित्रपटांचे संकलक. मारामारीतला तो झटपट कापलेला वेग त्यांचाच. त्यांना दिग्दर्शन मिळाले तेव्हा कॉनरी निघून गेला होता आणि त्याच्या जागी आला जॉर्ज लेझनबी, जाहिरातींत काम करणारा ऑस्ट्रेलियन तरुण. हंट यांनी उपकरणांचा पसारा आवरला, फ्लेमिंगची कादंबरी बऱ्यापैकी तशीच ठेवली. यात बाँड प्रेमात पडतो, लग्न करतो, आणि लग्नाच्या दिवशीच, रस्त्याकडेला थांबवलेल्या मोटारीत त्याची बायको गोळी लागून मरते. तिला मांडीवर घेऊन तो बसलेला असतो, आणि चित्रपट संपतो. विनोद नाही, विजय नाही. डायना रिग यांनी केलेली ती ट्रेसी ही मला तरी बाँडपटांतली पहिली खरीखुरी बाई वाटते, जिच्या जाण्याने चित्रपटात पोकळी पडते. नाही तर एरवी या मालिकेत बायकांचे येणे-जाणे काय वर्णावे! सोनेरी रंग फासून मेलेली मुलगी सगळ्यांना आठवते, तिचे नाव किती जणांना आठवते?

हंट यांना पुन्हा बाँडपट मिळाला नाही. १९७१ मध्ये कॉनरी परत आला, हॅमिल्टन परत आले, आणि ट्रेसीचे नावही न घेता मालिका थट्टेच्या वाटेने पुढे गेली. पण आज ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक हंट यांचाच बाँडपट आपला आवडता म्हणून सांगतात. २०२१ च्या 'नो टाइम टु डाय'मध्ये त्याच चित्रपटातले जुने गाणे पुन्हा वापरले गेले. पन्नास वर्षांनी का होईना, संकलकाची दखल घेतली गेली.

ऐंशीच्या दशकातल्या पाच चित्रपटांचे दिग्दर्शक जॉन ग्लेन. ते कसबी माणूस. त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहिणार होते, पण १९८३ चा 'ऑक्टोपसी' आडवा येतो. त्यात आपले उदयपूर आहे, कबीर बेदी आणि विजय अमृतराज आहेत. उदयपूर सुंदर दिसते, कबीर बेदी तर रुबाबदारच. पण ताजमहालापासून उदयपूर जणू पलीकडच्या गल्लीत. विजय गारुडी बनून पुंगीवर बाँडचीच धून वाजवतो. रिक्षांच्या पाठलागात तलवार गिळणारे, निखाऱ्यांवर चालणारे, खिळ्यांवर झोपणारे सगळे एकाच बाजारात हजर. वर बाँड पैसे वाटताना करीवरून विनोद करतो. त्यानंतर शाळेत मुलांनी विचारले, "बाई, गोऱ्या लोकांना आपण असे दिसतो?" साम्राज्य गेले त्याला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. ग्लेन वाईट माणूस होते असे मुळीच नाही, त्यांनी साच्यात जे होते ते नेटके करून दिले. स्वतःची नजर नसली की साच्याची नजर लागते, ती ही अशी.

मग २००६ मध्ये मार्टिन कॅम्पबेल यांनी 'कसिनो रॉयल' करून धूळ झटकली. आणि २०१२ मध्ये सॅम मेंडेस आले. रंगभूमीवरचे मोठे नाव, चित्रपटासाठी ऑस्कर मिळालेले. त्यांच्या 'स्कायफॉल'मध्ये ज्युडी डेंच यांची एम चौकशी समितीपुढे उभी राहते आणि प्रश्न विचारला जातो की या खात्याची आता गरज काय? १९६२ मध्ये जे कोणी विचारले नाही ते पन्नास वर्षांनी बाँडपटानेच स्वतःला विचारले. आणि तोच चित्रपट शंभर कोटी डॉलरचा गल्ला ओलांडणारा पहिला बाँडपट ठरला! 'दिग्दर्शकाने डोके चालवले की प्रेक्षक पळतो' हे त्यामुळे मी मानत नाही.

'स्कायफॉल'मध्ये शांघायच्या एका काचेच्या इमारतीत रात्री मारामारी होते. बाहेर निळ्या प्रकाशाच्या जाहिरातीत जेलीफिश तरंगतात, आत फक्त दोन काळ्या आकृत्या झुंजतात. संवाद नाही. माझ्यासारख्या, इंग्रजी अर्धेच कळणाऱ्या प्रेक्षकासाठीच जणू ते केले आहे. ते छायाचित्रण रॉजर डीकिन्स यांचे. आणि डीकिन्स यांनीच व्हिलनव्ह यांचे 'प्रिझनर्स', 'सिकारिओ' आणि 'ब्लेड रनर २०४९' चित्रित केले. शेवटच्यासाठी त्यांना आयुष्यातले पहिले ऑस्कर मिळाले. तेव्हा हे दोन प्रवाह एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत.

आता भाऊजींच्या आक्षेपाकडे येते. व्हिलनव्ह सावकाश चालतात हे खरे. पण 'सिकारिओ'तला (२०१५) मेक्सिकोच्या सीमेवरचा प्रसंग आठवा. मोटारींचा ताफा पुलावर गर्दीत अडकला आहे. दुसऱ्या रांगेतल्या मोटारीत बंदुका दिसतात. कितीतरी वेळ काहीच होत नाही. आणि मग जे होते ते काही सेकंदांत संपते. ती गोळीबाराची सेकंदे नव्हे, आधीची मिनिटे अंगावर येतात. बाँडला हे नवीन आहे का? 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या सुरुवातीला बाँड बर्फाच्या कड्यावरून उडी घेतो तेव्हा संगीत थांबते, तो नुसता पडत राहतो, आणि बऱ्याच वेळाने छत्री उघडते. अख्ख्या मालिकेतला सर्वांत जास्त टाळ्या घेतलेला क्षण शांततेचा आहे, भाऊजी!

माझी खरी उत्सुकता दुसरीच आहे. बाँडपटात माणसे किती मरतात! गणवेशातले पहारेकरी तर मोजायचे नसतातच. व्हिलनव्ह यांनी २०१० मध्ये 'इन्सेंडीज' केला. त्यात यादवीतल्या एका बसवर गोळीबार होतो, आणि एक बाई एका लहान मुलीला वाचवायला धडपडते. तो प्रसंग मी एकदाच पाहू शकले. या माणसाच्या चित्रपटात मेलेले मेलेलेच राहतात. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागात (२०२४) सगळे नायकाला तारणहार मानून गुडघे टेकतात, तेव्हा त्याची प्रेयसी चानी पाठ फिरवून निघून जाते. हा बदल मूळ कादंबरीत नाही, तो दिग्दर्शकाचा. ज्याला तारणहारांचा संशय येतो तो 'मारण्याचा परवाना' असलेल्या नायकाकडे कसे बघेल? परवाना देतो कोण, आणि त्याचा हिशेब कोणी विचारायचा, हा प्रश्न या मालिकेने साठ वर्षे टाळला आहे.

धोकाही आहे, तो लपवत नाही. व्हिलनव्ह यांच्या चित्रपटांत कोणी हसत नाही. बतावणीच काढून टाकली तर वग कोरडा होतो. हंट यांनी एवढे दुःख दाखवले, पण आधी मनसोक्त हसवलेही होते. दुसरे म्हणजे 'ब्लेड रनर २०४९'चे कौतुक झाले, पण पैसे अपेक्षेइतके आले नाहीत. आणि आता फडमालक बदलले आहेत. २०२२ मध्ये अॅमेझॉनने एमजीएम कंपनी विकत घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्बरा ब्रोकोली आणि मायकल विल्सन यांनी निर्मितीची सूत्रे सोडली, आणि नवे निर्माते आले एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन. जुना मालक हट्टी होता, पण फड घरचा होता. मुलीसारखा सांभाळला. वस्तू पोचवणाऱ्या कंपनीला फड कळतो का, हे मी विचारते ते थोडेफार वयामुळे, थोडेफार शाळांच्या संस्थाचालकांचे अनुभव घेतल्यामुळे. (नावे विचारू नका.) व्हिलनव्ह स्वतः मात्र लहानपणापासून वडिलांबरोबर बाँड बघत वाढले, ते परंपरा मोडायला आलेले नाहीत असे त्यांनीच जाहीर केले आहे.

शिवाय आधीचा बाँड २०२१ मध्ये मेला आहे (ज्यांनी पाहिला नाही त्यांची क्षमा मागते). म्हणजे पाटी कोरी.

पटकथा स्टीव्हन नाइट लिहिणार असे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. या गृहस्थांनी २०१३ मध्ये 'लॉक' नावाचा चित्रपट केला होता. त्यात एक माणूस रात्री मोटार चालवत फोनवर बोलतो. बस्स, एवढेच, आणि जागचे हलवत नाही. हे वाचून मला फ्लेमिंगची एक कथा आठवली. १९६० मध्ये पुस्तकात आलेली 'क्वांटम ऑफ सोलेस'. तीत बाँड गोळी झाडत नाही. नासाऊच्या गव्हर्नरकडे तो जेवायला जातो, बाकीचे पाहुणे गेल्यावर दोघे बसतात, आणि गव्हर्नर त्याला एका साध्या सरकारी नोकराच्या मोडलेल्या संसाराची गोष्ट सांगतो. बाँड फक्त ऐकतो. ऐकून झाल्यावर त्याला आपल्याच साहसांचा पोकळपणा जाणवतो. २००८ मध्ये याच नावाचा चित्रपट निघाला. त्यात विमाने आहेत, मोटारी आहेत, बोलिव्हियाचे वाळवंट आहे. गव्हर्नर आणि त्याचे जेवण तेवढे नाही.